इरकल एकच, ब्लाउज अनेक
दरवर्षी नवे कपडे घेतल्याशिवाय स्वतःची शैली घडत नाही, हे मत मला पटत नाही. 2015 साली बंगळूरच्या दोन मैत्रिणींनी वर्षभरात 100 वेळा साडी नेसण्याचा संकल्प केला आणि अनेकजणी त्यात सामील झाल्या. त्यात भर साडीमागच्या आठवणी सांगण्यावर होता. एकच काळी इरकल कधी खणाच्या, कधी पांढऱ्या सुती, तर कधी बंद गळ्याच्या ब्लाउजवर नेसली, की तिचे रूप दरवेळी निराळे दिसते आणि आपल्याला नेमके काय शोभते हेही हळूहळू उमगत जाते. मात्र नवे ब्लाउज शिवत सुटणे हीदेखील खरेदीच आहे (आणि शिलाई हल्ली स्वस्त नाही), म्हणून आधी कपाटातलेच ब्लाउज अदलूनबदलून पाहावेत व घट्ट झालेले उसवून घ्यावेत.