मदत हवी आहे : पोकर सुधरवायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

पांढरंसोनं
नमस्कार मंडळी. पोकर सुधरवायचं आहे. नियम सगळे येतात, तो भाग सोडा. दोन वर्षांपासून खेळून राहिलो, पण दर वेळी सगळ्यात आधी बाहेर पडणाऱ्या पाचात असतो. यूट्यूबवर जो तो म्हणते सॉल्व्हर (डावाचं योग्य उत्तर काढून देणारं सॉफ्टवेअर) घ्या, सॉल्व्हर घ्या. पायोसॉल्व्हर, जीटीओ विझार्ड, पोकरट्रॅकर, इक्विलॅब एवढी नावं वहीत लिहून ठेवली आहेत. यातलं कोणतं घेऊ? सोबत वाचायला काय? डिसेंबरच्या आत तयारी व्हायला पाहिजे. एकच नाव सांगा, चार-चार नको. लवकर सांगा, खूप दिवस याच्यातच गेले.

अकोल्याचा_पुण्यात
जीटीओ विझार्ड. दुसरा विचारच करू नका. पायोमध्ये प्रत्येक डाव आपल्या संगणकावर सोडवून घ्यावा लागतो, त्याला विंडोज आणि भरपूर रॅम लागते, आणि रेंज (समोरच्याकडे कोणकोणते पत्ते असू शकतात ते) चुकीची भरली की उत्तरही चुकीचं येतं. विझार्डमध्ये उत्तरं आधीच सोडवून ठेवलेली असतात, ब्राउझरमध्ये उघडायची आणि बघायची. थोडं फुकट बघता येतं, बाकीसाठी महिन्याची वर्गणी. सुरुवात फ्लॉपच्या (टेबलावर उघडे पडणारे पहिले तीन पत्ते) आधीच्या तक्त्यांपासून करा. दोन पत्त्यांच्या जोड्या १३२६ होतात, पण दोन्ही एकाच रंगाचे की वेगळ्या, एवढंच बघितलं तर प्रकार १६९च. रोज अर्धा तास दिला तर महिन्यात पाठ होतात. माझे झाले.

रिव्हरकार्ड
भाऊ, अर्धी माहिती तुम्ही दिलीच नाही. कॅश गेम की टुर्नामेंट? ऑनलाइन की समोरासमोर? किती जण बसता? सुरुवातीला चिप्स किती आणि ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच दोघांना लावाव्या लागणाऱ्या चिप्स) किती मिनिटांनी वाढतात? हे कळल्याशिवाय सॉफ्टवेअरचं नाव सांगणं म्हणजे रोग न विचारता गोळी देणं.

पांढरंसोनं
टुर्नामेंट. समोरासमोर. बावीस जण. बाकीच्यानं काय फरक पडते? सॉफ्टवेअर तर तेच राहणार ना.

रिव्हरकार्ड
खूप फरक पडतो. पोकरट्रॅकर पहिले वहीतून खोडा. ते ऑनलाइन खेळलेल्या डावांच्या फाइली वाचून हिशेब करतं. हातानं पत्ते पिसून खेळणाऱ्याची फाइल कुठून येणार? चिप्स आणि ब्लाइंडचं सांगा.

वर्धा_लाइन
माझं स्पष्ट मत आहे, राग मानू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशांचे ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. पोकर त्यात आलं. आणि हातानं खेळत असाल तर राज्याचा १८८७चा जुगाराचा कायदा आहेच. माझ्या चुलतभावानं फोनवरच्या एका ॲपमध्ये सोयाबीनचे सगळे पैसे घातले. दिवाळीला घरी तेलाचा पिपा आणायला पैसे नव्हते. वहिनीनं मंगळसूत्र सावकाराकडे ठेवलं ते अजून सुटलं नाही. तुम्ही तरुण आहात, तयारीच करायची तर स्पर्धा परीक्षेची करा.

पांढरंसोनं
काका, तुमच्या घरी झालं ते वाईट झालं. पण आमच्यात एक रुपया लागत नाही. कॉलेजचे मित्र वर्षातून एकदा पुसदला जमतो. प्लॅस्टिकच्या चिप्स. जिंकेल त्याचं नाव लाकडी पाटीवर कोरतो, पाटी वर्षभर त्याच्या घरी राहते. एवढंच. माझं नाव एकदा पाटीवर पाहिजे.
रिव्हरकार्ड भाऊ, प्रत्येकाला १५०० चिप्स. ब्लाइंड २५-५० पासून, दर १५ मिनिटांनी दुप्पट.

वर्धा_लाइन
पैसे नसतील तर माझा आक्षेप नाही. पण ते पैसे नसणंच सांभाळा. आमच्याकडेही पोळ्याला 'गंमत म्हणून' तीन पत्तीच बसली होती.

सारीपाट
पत्त्यांपेक्षा बुद्धिबळ शिका. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. स्टॉकफिश आणि लिचेस दोन्ही फुकट आहेत, कितीही वापरा. नशिबाचा भागच नाही.

पांढरंसोनं
दिव्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण पाटी पोकरची आहे.

रिव्हरकार्ड
आता खरी गोष्ट कळली. १५०० चिप्स आणि मोठा म्हणजे बिग ब्लाइंड ५०, म्हणजे तुमच्याकडे ३० बिग ब्लाइंड. पंधरा मिनिटांनी त्याच १५०० चे १५ बिग ब्लाइंड. अर्ध्या तासानं साडेसात! तोपर्यंत हातानं पिसून-वाटून डाव तरी किती होतात? पंधरा-वीस. तुम्ही चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसत असाल आणि ब्लाइंडच तुम्हाला खाऊन टाकत असतील. खरं की नाही?

पांढरंसोनं
खरं आहे. मागच्या वर्षी तासभर एक्का-राजाची वाट पाहिली. आला तेव्हा हातात ३०० चिप्स होत्या.

रिव्हरकार्ड
मग तुम्हाला सॉल्व्हर नकोच. दहा बिग ब्लाइंडच्या खाली आलात की दोनच मार्ग: सगळं आत (ऑल-इन) किंवा फोल्ड (पत्ते टाकून देणं). मधला कॉल (समोरच्याएवढ्याच चिप्स लावणं) बंद. याला पुश-फोल्ड म्हणतात, त्याचे तक्ते तयार मिळतात, एका कागदावर मावतात. सात-आठ ब्लाइंड उरले, तुम्ही बटनावर (पत्ते वाटणाऱ्याच्या जागी) आहात आणि तुमच्या आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकले, तर कोणतीही जोडी, कोणताही एक्का सरळ आत घालायचा. एक्का-तिर्रीसुद्धा. भीती वाटेल, पण घालायचा. सगळ्यांनी पत्ते टाकले तर दीड ब्लाइंड बिनभांडता मिळतो, आणि त्या वेळी तो तुमच्या चिप्सचा पाचवा हिस्सा असतो.

अकोल्याचा_पुण्यात
आणि तो तक्ता कुठून आला? संगणकानंच सोडवला ना. पाठ केलेल्या माणसाला कारण कळत नाही. २०१७ मध्ये लिब्रेटस नावाच्या प्रोग्रामनं चार व्यावसायिक खेळाडूंशी १ लाख २० हजार डाव खेळून बाजी मारली. २०१९ मध्ये प्लुरिबसनं सहा जणांच्या टेबलावर तेच करून दाखवलं. हे दोन्ही प्रोग्राम अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवले, प्लुरिबस फेसबुकसोबत. हा खेळ आता तिथं पोचलाय आणि आपण कागदाचे तक्ते वाटतोय.

रिव्हरकार्ड
त्या चार जणांना पुसदला बोलवा, मग आपण प्लुरिबस आणू. या भावाला तिसऱ्या लेव्हलला काय करायचं ते सांगा.

बेरीजवजाबाकी
मी जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवतो, पोकर फारसा खेळत नाही, पण संभाव्यता शिकवायला पत्तेच वापरतो. तुम्ही बाजारातून एक कॅट आणा आणि दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक डाव मांडून बघा. हातात दोन बदाम, फ्लॉपवर दोन बदाम, पाचवा बदाम हवा आहे. तेरापैकी चार दिसले, नऊ उरले. न पाहिलेले पत्ते ४७. झटपट हिशेबासाठी नऊला चारनं गुणा : ३६ टक्के. खरं उत्तर ३५ च्या जवळ येतं. समोरच्यानं पॉटएवढी (मधे जमलेल्या चिप्सएवढी) बेट लावली तर कॉलला ३३ टक्के लागतात. ३५ आहेत, म्हणजे कॉल. झालं. सॉफ्टवेअरचा पैसा वाचला.

इस्पिकची_राणी
सर, इथंच सगळे फसतात, मीही वर्षभर फसले. चारनं गुणायचं ते टर्न आणि रिव्हर (चौथा आणि पाचवा उघडा पत्ता) *दोन्ही* पत्ते बघायला मिळणार असतील तरच. म्हणजे कोणीतरी ऑल-इन असेल तेव्हा. नसेल तर आत्ता तुम्ही फक्त एका पत्त्याचे पैसे देताय. ४७ पैकी ९ म्हणजे १९ टक्के. टर्नला बदाम आला नाही की समोरचा पुन्हा बेट लावणार, पुन्हा पैसे द्या. पॉटएवढ्या बेटला १९ टक्क्यांवर कॉल करणं नुकसानीचंच.

बेरीजवजाबाकी
गणित माझं बरोबर आहे. दोन पत्त्यांची संभाव्यता ३४.९७ टक्केच येते.

इस्पिकची_राणी
गणित बरोबरच आहे सर, प्रश्न वेगळा आहे. दोन किलो तुरीचा भाव विचारला आणि एकच किलो मोजून दिली, असं होतं ते.

बेरीजवजाबाकी
मान्य. पुढच्या बेटचा विचार मी केला नव्हता. वर्गात हेच उदाहरण घेतो.

इस्पिकची_राणी
पांढरंसोनं दादा, संगणक आहे का तुमच्याकडे? रोज किती वेळ मिळतो आणि कधी?

पांढरंसोनं
ताई, संगणक नाही. साधा फोन आहे. पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षं झाली. बाबांना लकवा मारला, तेव्हापासून वावर मीच पाहतो. दारव्ह्याकडे आहे आमचं. वेळ रात्रीचाच. तूर फुलावर आली, हरभरा पेरला, रोही आणि डुकरं नुसता धुमाकूळ घालून राहिले, म्हणून रोज जागलीला जातो. मचाणावर दहा ते चार. तिथं रेंज नाही. फोनमध्ये आधी उतरवून घेतलं तेवढंच चालते. हे सुरुवातीला सांगायचं राहून गेलं, मला वाटलं त्याचा संबंध नाही.

काळी_माती
राजेहो, पोकर राहू द्या बाजूला. जागल कशाला करता? झटका मशीन लावा. सोलर प्लेट, बारा व्होल्टची बॅटरी, आणि तीन पदरी तार. माझ्या आठ एकराला मागच्या वर्षी लावली, एकही डुक्कर आत आलं नाही. फक्त अर्थिंगला ओल ठेवा, कोरड्या जमिनीत झटका बसत नाही. आणि घरच्या लाइनीचा करंट तारेत कधीच सोडू नका. आमच्या शेजारच्या गावात त्यानं माणूस गेला.

वर्धा_लाइन
झटका मशीनला रोही घाबरतो का? आमच्याकडे तो तारेवरून उडी मारतो.

काळी_माती
तारेला चमकणाऱ्या पट्ट्या बांधा आणि वरची तार पाच फुटांवर घ्या. खर्चाचं वेगळं विचारा, इथं नको.

इस्पिकची_राणी
दादा, मग विझार्ड, पायो, इक्विलॅब तिन्ही खोडा. एकाला नेट लागते, दोघांना विंडोज. तुमच्यासाठी सांगते. अमेरिकेच्या एमआयटीनं २०१५ मध्ये पोकरच्या सिद्धांतावर छोटा कोर्स घेतला होता, तो त्यांच्या ओपनकोर्सवेअरवर फुकट आहे. व्हिडिओ उतरवून घेता येतात. तालुक्याला गेलात की वायफायवर भरून घ्या. इंग्रजी आहे, पण आकडे फळ्यावर दिसतात. फोनवर नेटशिवाय चालणारं एखादं साधं इक्विटी कॅल्क्युलेटर (जिंकण्याची टक्केवारी काढणारं) ठेवा, फुकट मिळतात, उतरवताना परवानग्या बघून घ्या. पैशांचा खेळ दाखवणारं काहीही उघडू नका. आणि रिव्हरकार्ड दादांचा पुश-फोल्डचा कागद छापून घ्या.

अकोल्याचा_पुण्यात
परिस्थिती माहीत नव्हती, म्हणून विझार्ड सांगितलं. पुश-फोल्डचा तक्ता मी छापून पोस्टानं पाठवतो, पाच ते बारा ब्लाइंडपर्यंतचा, मराठीत पत्त्यांची नावं टाकून. निरोपात पत्ता कळवा.

पांढरंसोनं (नऊ दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. तक्ता मिळाला, प्लॅस्टिकमध्ये घालून मचाणाच्या बल्लीला बांधला. पत्ते डब्यात ठेवतो, नाहीतर दवानं एकमेकांना चिकटतात. डोक्याला बॅटरी लावून रोज वीस डाव मांडतो आणि वहीत उतरवतो.

मागच्या वर्षीचा एक डाव डोक्यातून जात नव्हता, तो सोडवून पाहिला. माझ्या हातात बदामचा एक्का आणि नश्शी. फ्लॉप : बदामचा राजा, बदामची चौकी, इस्पिकची सत्ती. पॉट ६००. समोरच्यानं ३०० लावले, त्याच्याकडे मागे २०० उरले. माझ्याकडे त्याच्यापेक्षा जास्त. मी कॉल केला आणि हरलो. आता राणीताईच्या हिशेबानं : ३०० देऊन एकूण १२०० चा पॉट, म्हणजे २५ टक्के लागतात. एका पत्त्यावर माझे १९. बदाम लागल्यावर पुढे अजून किती मिळाले पाहिजेत तेही काढलं. ३०० गुणिले ३८ भागिले ९ म्हणजे १२६७, त्यातून ९०० वजा, ३६७ उरले. त्याच्याकडे तर २०० च होते. म्हणजे फोल्ड करायला पाहिजे होता. बरोबर आहे का?

इस्पिकची_राणी
हिशेबाची रीत एकदम बरोबर, आणि ३६७ पर्यंत गेलात म्हणून खरंच आनंद झाला. पण उत्तर उलटं आहे. मागे फक्त २०० असतील तर टर्नला बदाम न येताही तुम्ही कॉलच करणार. तिथं पॉट १४०० झालेला असतो, २०० देऊन १६०० साठी, म्हणजे साडेबारा टक्के लागतात आणि तुमचे साडेएकोणीस आहेत. म्हणजे दोन्ही पत्ते तुम्ही बघणारच. मग फ्लॉपवरच तो ऑल-इन आहे असं धरा : तुमचे एकूण ५००, शेवटचा पॉट १६००. लागतात ३१.२५, आहेत ३४.९७. वर एक्का आला तरी बरेचदा जिंकता, ते वेगळं. त्याच्याकडे मागे हजार असते तर मात्र हिशेब दोन्ही बाजूंनी बदलतो, तो डाव आज रात्री मांडून बघा.

रिव्हरकार्ड
ताईंचं बरोबर. भाऊ, तुम्ही चुकला नव्हता, फक्त हरला होता. नुसता कॉल करण्याऐवजी तिथंच सगळं आत घातलं असतं तर कदाचित तो फोल्डही झाला असता.

पांढरंसोनं
वर्षभर तो डाव चुकला म्हणून स्वतःला बोलत होतो. वहीत त्या पानावर लाल पेननं ३१.२५ आणि ३४.९७ लिहिलं. हजारवाला डाव आज मांडतो, उद्या इथंच टाकतो. काळी_माती भाऊ, बॅटरी किती अँपिअरची घ्यावी ते निरोपात सांगा.