छायाचित्रावरची मराठी नावे ओळीत कशी बसवावीत: चौकटीवर की शिरोरेषेवर?

पागोळी

आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी नुकताच परिसरातल्या झाडांचा एक तक्ता तयार केला. वड, पिंपळ, पळस आणि गुलमोहर अशी चार छायाचित्रे एका रांगेत, आणि प्रत्येकाच्या खालच्या कडेला गडद पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत झाडाचे नाव, एवढेच काम होते. फोटोशॉपमध्ये चारही नावांचे थर (लेयर) एकदम निवडले, वरच्या कडा जुळवण्याचे बटण दाबले आणि तक्ता छपाईला दिला. पडद्यावर लहान आकारात सगळे नीट वाटले होते. तक्ता भिंतीवर लागला तेव्हा मात्र 'वड' आणि 'पळस' यांच्या शिरोरेषा वर, तर 'पिंपळ' आणि 'गुलमोहर' यांच्या खाली उतरलेल्या दिसल्या. सैल दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी ती रांग मला अजूनही दिसते आणि खटकते.

कारण शोधल्यावर सापडले. फोटोशॉप थर जुळवताना प्रत्यक्ष रंगलेल्या भागाची चौकट धरते. 'वड' या शब्दाची चौकट शिरोरेषेपाशीच सुरू होते, कारण तिच्या वर काहीच नाही. 'पिंपळ'मध्ये वेलांटीची कमान आणि अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेच्या वर जातात, म्हणून चौकट वर सुरू होते आणि शिरोरेषा तेवढीच खाली सरकते. खालच्या कडा जुळवून पाहिल्या, तर 'गुलमोहर'चा उकार आड येतो आणि तो शब्द इतरांपेक्षा वर उचलला जातो. मध्य जुळवावा, तर वरची आणि खालची अशा दोन्ही चुका निम्म्या-निम्म्या वाट्याला येतात.

माझे मत असे आहे की, मराठी मजकुरासाठी ही बटणे विश्वासार्ह नाहीत. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात, आपली अक्षरे वरच्या रेषेला टांगलेली असतात. त्यामुळे शिरोरेषेच्या उंचीवर एक मार्गदर्शक रेघ ओढावी, चित्र तिप्पट मोठे करून पाहावे आणि प्रत्येक शब्द त्या रेघेला डोळ्यांनी लावून घ्यावा. इतरांचे काय मत आहे?

काटकोन

मी छपाईपूर्व मांडणीचे काम करतो. आपले निदान अगदी बरोबर आहे, परंतु उपाय मला मुळीच मान्य नाही. चार नावे चार ठिकाणी स्वतंत्रपणे टाइप करायची आणि मग ती बटणाने एका रांगेत आणायची, इथेच कामाची सुरुवात चुकली. पहिले नाव टाइप करावे, त्या थराची प्रत काढावी, शिफ्ट दाबून ती आडवी सरकवावी आणि मग तिच्यातला शब्द बदलावा. फोटोशॉपमध्ये चौकट न ओढता, नुसते टिचकी मारून लिहिलेला मजकूर आपल्या आधाररेषेवर, म्हणजे अक्षरांचे पाय जिथे येतात त्या अदृश्य रेघेवर, टेकलेला असतो. शब्दाला वेलांटी असो वा उकार, ती रेषा हलत नाही. टंक (फॉन्ट) आणि आकार तोच असला की शिरोरेषाही आपोआप एका पातळीत येते. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर मजकुरांच्या आधाररेषा जुळवण्याचे स्वतंत्र बटणच आहे.

गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गोष्ट याहून सोपी आहे. तिथे मजकुराच्या थराची उंची शब्दातल्या काना-मात्रांवर नव्हे, तर टंकाने ठरवलेल्या ओळीच्या पूर्ण उंचीवर ठरते. म्हणजे एकाच टंकातले, एकाच आकारातले 'वड' आणि 'पिंपळ' हे दोन्ही थर सारखेच उंच असतात, आणि वरच्या कडा जुळवल्या की शिरोरेषा जुळतात. गिंपच्या नव्या आवृत्तीत थराच्या कडेऐवजी आतल्या मजकुराची हद्द धरण्याचा पर्याय आहे, तेवढा मात्र अशा कामात बंद ठेवावा.

नवशिक्या माणसाला 'बटणावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी लावा' असा सल्ला देणे मला नुकसानीचे वाटते. माझ्याकडे एकदा एका संस्थेची स्मरणिका आली होती. तिच्यातल्या छायाचित्रांवरची नावे तीन स्वयंसेवकांनी आपापल्या डोळ्यांनी लावली होती, आणि पान उलटले की नावांची उंची बदलत होती. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) छपाईत सुमारे १२ पिक्सेल म्हणजे १ मिलिमीटर होतो, आणि एवढा फरक वाचकाला नक्की दिसतो. रात्री अकरा वाजता दमलेल्या डोळ्यांना मात्र तो दिसत नाही.

पागोळी

थराची प्रत काढण्याची युक्ती मला ठाऊक नव्हती, तिच्याबद्दल मनापासून आभार. पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच करीन. तरीही माझा मूळ मुद्दा त्यामुळे संपत नाही, कारण आपला उपाय टंक आणि आकार एकच असेपर्यंतच चालतो.

माझ्याच तक्त्यातले उदाहरण देतो. मराठी नावाशेजारी झाडाचे शास्त्रीय नाव रोमन लिपीत, तिरप्या अक्षरांत द्यायचे होते. दोन्हींची आधाररेषा एकच ठेवली, तरी शास्त्रीय नावातले पहिले मोठे अक्षर शिरोरेषेच्या वर डोके काढते आणि पुढची लहान अक्षरे तिच्या खाली राहतात. शिरोरेषा बहुतेक टंकांमध्ये या दोन उंचींच्या मध्येच कुठेतरी असते. रोमन अक्षरांचा आकार किती टक्के कमी केला म्हणजे जोडी शोभेल, हे कोणतेही बटण सांगत नाही. दुसरा प्रश्न डाव्या कडेचा. आमच्या तक्त्यात एका ओळीची सुरुवात 'पानगळ' या शब्दाने होते आणि तिच्या खालच्या ओळीची '१५ मीटर' अशी होते. 'प'ची शिरोरेषा थेट डाव्या कडेपासून निघते, पण '१'ला शिरोरेषा नाही आणि त्याच्या डावीकडे टंकानेच थोडी मोकळी जागा सोडलेली असते. दोन्ही ओळी नियमाने डाव्या कडेला लावल्या असूनही खालची ओळ आत ढकलल्यासारखी दिसते. मी ती तीन पिक्सेल बाहेर काढली, आणि हा आकडा मला डोळ्यांनीच दिला.

रंगारी

माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत असत, त्यामुळे हा वाद मी घरातच ऐकलेला आहे. पाटीवर पहिला हात ब्रशाचा नसे. गेरूत बुडवलेली सुतळी पाटीच्या दोन्ही टोकांना ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायची, की लाकडावर एक सरळ लाल रेघ उठत असे. ती शिरोरेषेची रेघ. मग तशीच दुसरी रेघ अक्षरांच्या पायाशी. मात्रा, वेलांटी, रफार आणि उकार यांच्यासाठी ते कधीही तिसरी रेघ मारत नसत, कारण त्यांच्या लेखी शब्द त्या दोन रेघांमध्येच मावलेला असे आणि बाकीचे सारे त्याच्या अंगावरचे दागिने होते.

म्हणून मला वाटते की, काटकोन यांची आधाररेषा आणि पागोळी यांची शिरोरेषा या दोन्ही रेघा आधी हव्यात, आणि डोळ्याचे काम त्यानंतरचे आहे. मात्र एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, आणि मला तीच सर्वात जास्त खुपते. पट्टी लांब आणि शब्द लहान असला, की अनेक जण शब्द पट्टीभर पसरावा म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवतात. रोमन लिपीत ते शोभते. आपल्या लिपीत शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते, आणि 'पळस' हा एक शब्द न राहता तीन सुटी अक्षरे होतात. दोन्ही कडा समान करण्याच्या नादातही हेच घडते, कारण सॉफ्टवेअरला मुभा दिली तर ते शब्दांमधल्या जागेबरोबर अक्षरांमधली जागाही ताणते. वडिलांना जागा भरायची असे, तेव्हा ते अक्षरच रुंद काढत, शिरोरेषेला धक्का लावत नसत. आपल्याला तसे करायचे असेल तर रुंद वळणाचा टंक निवडावा किंवा पट्टी आखूड करावी. अंतराचा आकडा शून्यावरच राहू द्यावा.

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना शिरोरेषा हा किती मोठा आधार आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

क्षितिज

मी छायाचित्रे काढतो, आणि मला या चर्चेत छायाचित्रच हरवलेले दिसते. पट्टीवर नाव लिहायचे असेल, तर वरचे सगळे योग्य आहे. मजकूर थेट चित्रावर ठेवायचा असेल, तेव्हा मात्र तो दुसऱ्या मजकुराशी जुळला की नाही, यापेक्षा चित्रातल्या रेषांशी जुळला की नाही, हे आधी पाहावे लागते.

हर्णैच्या किनाऱ्यावरून काढलेले सुवर्णदुर्गाचे छायाचित्र घ्या. समुद्र आणि आकाश यांच्यामधली रेषा चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. हातातला कॅमेरा नुसता एका अंशाने कलला, तरी १००० पिक्सेलच्या रुंदीत ती रेषा सुमारे १७ पिक्सेलनी उतरते. एरवी ते जाणवतही नाही. पण तिच्यावर 'सुवर्णदुर्ग' लिहिले, की शिरोरेषा ही दुसरी सलग आडवी रेषा तिच्याशेजारी येते, आणि समुद्र तिरका आहे की नाव तिरके आहे, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. रोमन अक्षरांत ही अडचण एवढी तीव्र नसते, कारण तिथे अखंड आडवी रेघच नसते. त्यामुळे आधी क्षितिज सरळ करावे आणि मगच मजकूर लिहावा. हा क्रम उलटला तर बाकीची मोजमापे कितीही अचूक असली तरी उपयोग नाही.

मजकूर आडवा मधोमध ठेवण्याच्या सवयीवरही माझा आक्षेप आहे. किल्ला उजवीकडे असेल तर आकाश डावीकडे मोकळे असते, आणि नाव तिथेच बसले पाहिजे. मधोमध ठेवल्यावर ते अर्धे ढगावर आणि अर्धे तटबंदीवर येते, मग अक्षरांना काळी किनार द्यावी लागते, आणि त्या किनारीत अनुस्वाराचा ठिपका व शेजारची मात्रा एकमेकांत मिसळतात. वेबवरच्या सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे असे सांगितले आहे. मोकळ्या निळ्या आकाशाचा गडद भाग निवडला, तर पांढऱ्या अक्षरांना ते कोणत्याही किनारीशिवाय मिळू शकते.

काटकोन

क्षितिज आधी सरळ करावे, हे शंभर टक्के मान्य. परंतु 'जिथे मोकळी जागा तिथे नाव' हा नियम एकट्या चित्रापुरता ठीक आहे. बारा पानांच्या दिनदर्शिकेत प्रत्येक किल्ल्याचे नाव वेगळ्या कोपऱ्यात आले, तर वाचकाला दर महिन्याला ते शोधत बसावे लागेल. अशा कामात नावाची जागा आधी ठरवावी आणि छायाचित्र त्या जागेला अनुसरून कापावे. छायाचित्रकारांना ते आवडत नाही हे मी जाणतो, तरीही माझा आग्रह तोच राहील.

पागोळी यांच्या '१५ मीटर'चा मुद्दा मात्र मी स्वीकारतो. आकड्याने सुरू होणारी ओळ बाहेर काढावीच लागते. फक्त तो तीन पिक्सेलचा आकडा लिहून ठेवावा आणि तक्त्यातल्या अशा प्रत्येक ओळीला तोच लावावा, म्हणजे दुसऱ्या माणसालाही ते काम पुढे नेता येईल.

दोन ओळींच्या मजकुराविषयीही सांगतो. फोटोशॉप आपणहून अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के एवढे ओळींमधले अंतर ठेवते. मराठीत ते अपुरे पडते, कारण वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला जाऊन भिडतो. मी ते १४० ते १५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतो. आणि कोणाच्या पडद्यावर 'पिंपळ'ची वेलांटी 'प'च्या आधी न येता उजवीकडे पडत असेल, तर दोष टंकाचा नसून मांडणीच्या पर्यायाचा असतो. परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी, म्हणजे जगभरच्या लिपींसाठीची, मांडणी निवडली की अक्षरे जागेवर येतात.

पागोळी

काल संध्याकाळी तक्ता नव्याने मांडला. प्रती काढून नावे लिहिली, शिरोरेषेवर आणि पायाशी अशा दोन मार्गदर्शक रेघा ठेवल्या, आणि चारही नावे पहिल्याच फेरीत एका पातळीत आली. एवढ्यापुरते काटकोन यांचे म्हणणे खरे ठरले, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

एका ठिकाणी मात्र माझे अजूनही त्यांच्याशी जुळत नाही. पट्टीच्या उंचीत नाव नेमके कुठे बसवावे? ओळीची पूर्ण उंची धरून मध्य काढला, तर 'वड' आणि 'पळस' पट्टीत खाली बसल्यासारखे दिसतात, कारण त्यांच्या वरची मात्रांची जागा रिकामीच राहते. म्हणून मी रंगारी यांच्या वडिलांचा हिशेब धरला: शिरोरेषा आणि पाय यांच्यामधला भाग पट्टीच्या मध्यावर आणला, आणि वेलांट्या-उकारांना उरलेल्या जागेत जाऊ दिले. 'वड' आता पट्टीत ठाम उभा दिसतो. 'पिंपळ'ची वेलांटी मात्र पट्टीच्या वरच्या कडेपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर आली आहे.

वाचनालयाने तक्त्यात पाचवे झाड घालायला सांगितले आहे, आणि ते आहे कडुनिंब. त्या नावात खाली उकार आहे, वर वेलांटी आहे आणि तिच्या शेजारी अनुस्वारही आहे. त्यामुळे आता पट्टीची उंची आधी त्या एका नावावर ठरवीन आणि बाकीची चार नावे त्याच मापाच्या पट्टीत बसवीन. छापून आल्यावर पट्टीची आणि अक्षरांची मापे इथे देतो.