‘लससक्ती’ की ‘लसीची अट’? आणि ‘प्रांतिक स्वायत्तता’ चालेल का?

कॅनडातल्या कामगार कायद्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘व्हॅक्सिन मँडेट’ला ‘लससक्ती’ आणि ‘प्रोव्हिन्शियल ऑटोनॉमी’ला ‘प्रांतिक स्वायत्तता’ लिहिलं. शब्द बरोबर वाटतात, पण ‘कामाच्या ठिकाणची लससक्ती बहुतेक उद्योगांत प्रांतिक स्वायत्ततेतली’ हे वाक्य मात्र पटत नाही.

— ताई, ‘मँडेट’चा दुसरा अर्थ धरून ‘जनादेश’ लिहिलं नाहीत हेच पुष्कळ. ‘सक्ती’ म्हटलं की दंड धरून सुई टोचलेली डोळ्यांपुढे येते. तिथे तसं नव्हतं. ओटावाच्या, म्हणजे कॅनडाच्या राजधानीतल्या, संघ सरकारने २०२१ च्या शरदात आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं, कोविडची लस घ्या, नाहीतर बिनपगारी रजेवर जा. ही नोकरीची ‘अट’. २० जून २०२२ ला ती स्थगितही झाली.

— ‘मोफत आणि सक्तीचं शिक्षण’ म्हणतोच की आपण! तिथे कुठे कोणाला बांधून नेतात? (आमच्या आजोबांना उचलून नेलं होतं म्हणे, ते सोडा.) आणि पगार थांबला की चूल थांबते. ‘अट’ हा मालकाचा शब्द. ज्याच्यावर वेळ येते त्याला ती सक्तीच.

— दोघांचंही खरं आहे. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा २ मे २०२२ चा जेकब पुलियेल निकाल पाहा: लस घ्यायला कोणावर जबरदस्ती करता येणार नाही, पण सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतील. जबरदस्ती वेगळी, निर्बंध वेगळे. कायद्याच्या वाक्यात ‘अट’ ठेवा, कामगाराच्या तोंडी ‘सक्ती’.

— मला खटकते ती ‘स्वायत्तता’. ‘प्रांतिक स्वायत्तता’ म्हटलं की १९३५ चा कायदा आणि १९३७ मधलं मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आठवतं. वरून मिळालेली सूट, दोरी गव्हर्नरच्या हाती. स्वायत्त महाविद्यालयाचंही तेच. कॅनडात प्रांतांचे विषय १८६७ च्या घटनेतच कलम ९२ मध्ये लिहिलेत; ओटावाने केलेली ती मेहेरबानी नव्हे. त्यातल्या ‘मालमत्ता आणि नागरी हक्क’ या विषयात कामगार संबंध येतात, असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (कॅनडाचं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) १९२५ मध्ये टोरंटोच्या वीज आयुक्तांच्या खटल्यात ठरवलं. बँका, विमानसेवा, आंतरप्रांतीय रेल्वे मात्र संघाकडे. म्हणजे टोरंटोत एकाच रस्त्यावर बँकेतल्या कारकुनाला ओटावाचा कामगार कायदा आणि शेजारच्या किराणा दुकानातल्या पोऱ्याला ऑन्टारिओ प्रांताचा. इथे ‘अधिकारकक्षा’ म्हणा.

— आणि कक्षा वेगळ्या म्हणून निर्णयही वेगळे. क्यूबेक प्रांताने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी जाहीर केलेली अट आधी पुढे ढकलली, मग नोव्हेंबर २०२१ मध्ये सोडूनच दिली. माणसं कमी पडतील ही धास्ती. ब्रिटिश कोलंबियात ती जुलै २०२४ पर्यंत टिकली.

आभार. आता असं लिहिलंय: ‘कामाच्या ठिकाणी लसीची अट घालणं बहुतेक उद्योगांत प्रांतांच्या अधिकारकक्षेतलं.’ चालेल?

— ‘अट घालणं’ नको, अट मालकही घालतो. ‘अटीचे नियम करणं’ लिहा.