वर्षाला एवढे अ‍ॅनिमेशनपट हवेत कशाला?

गिरगावकर
स्टुडिओंनी अ‍ॅनिमेशनपटांचा रतीब घातलाय, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑस्करमध्ये अ‍ॅनिमेशनपटांसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला, तेव्हा २००१ सालचे पात्र चित्रपट होते ९. २०२५ सालच्या चित्रपटांची यादी गेली ३५ वर. पिक्सार स्टुडिओने १९९५ ते २००३ या काळात पाच चित्रपट काढले आणि पाचही लोकांच्या लक्षात राहिले. २०२२ मध्ये त्यांनी एकाच वर्षात दोन काढले. २०२४ ची गल्लाभरू नावं बघा: 'इनसाइड आउट २', 'मोआना २', 'कुंग फू पांडा ४', 'डेस्पिकेबल मी ४'. नावं कमी आणि आकडेच जास्त.

चौघांचं तिकीट, पॉपकॉर्न, टॅक्सी करून नातवंडांना न्यायचं आणि पंधरा दिवसांनी त्यांना त्यातलं एक पात्र आठवत नाही. निम्मे काढा, पण नीट काढा. विरोधी मतं येऊ द्यात.

रेंडरमामा
गिरगावकर, ती ३५ ची यादी उघडून पाहिलीत का? त्यात जपानी आहेत, युरोपातले आहेत, दहा-बारा माणसांनी मिळून केलेले आहेत, आपला 'महावतार नरसिंह'सुद्धा आहे. पात्र ठरायला अमेरिकेतल्या ठरावीक शहरांपैकी एका शहरात आठवडाभर थेटरात चालला तरी पुरतं. त्यातले मुंबईत कितीसे लागले? मोठ्या अमेरिकन स्टुडिओंचे तेवढे मोजले तर दोन्ही हातांची बोटं पुरतील.

दुसरं, एक चित्रपट उभा राहायला चार-पाच वर्षं जातात. आज लागतोय तो तेव्हा मंजूर झालेला असतो, त्यामुळे 'यंदा जरा कमी काढा' म्हणून काही होत नाही. आणि कमी झाले तर फटका कुणाला? कथा तिकडे ठरते, पण रिगिंग (पात्राला हलवता येईल असा सांगाडा बसवणं), लाइटिंग, कम्प (दृश्याचे थर एकत्र जोडणं) यांचं बरंच काम गोरेगाव-अंधेरीतली पोरं रात्री जागून करतात. प्रोजेक्ट आटोपलं, पुढचं आलं नाही, की फ्लोअरच्या फ्लोअर रिकामा होतो. मी स्वतः तसा बाहेर पडलोय.

गिरगावकर
तुमची नोकरी टिकावी म्हणून मी तिकीट काढायचं होय? तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देतो. रिदम अँड ह्यूज या अमेरिकन व्हीएफएक्स कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि दोन आठवड्यांच्या आत 'लाइफ ऑफ पाय'साठी त्यांनाच ऑस्कर मिळालं. त्यांचा मुंबईतही स्टुडिओ होता. मोठी कामं हातात होती की! ठरलेल्या रकमेत बदलांवर बदल करून देताना कंपनी बसली. चित्रपट वाढले म्हणून कारागिराचं भलं होतं, हे मला तरी पटत नाही.

रेंडरमामा
हा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय दर वाढवणं हा आहे, चित्रपट घटवणं नव्हे.

मुलुंडची_आई
तुमचं दोघांचं चालू द्या, पण कॅलेंडर कुणी बघतंय का? 'इनसाइड आउट २' लागला १४ जून २०२४ ला, 'एलिओ' २० जून २०२५ ला. अमेरिकेत तेव्हा सुट्टी सुरू होते. आमच्याकडे नेमकी शाळा उघडते: वह्यांना कव्हरं, नवा रेनकोट, पहिल्याच आठवड्यात लोकल बंद. 'मोआना २' २९ नोव्हेंबरला आणि पुढच्या वर्षी 'झूटोपिया २' २८ नोव्हेंबरला, कारण तिकडे थँक्सगिव्हिंगची सुट्टी! आमची दिवाळीची सुट्टी संपून सहामाहीचे पेपरही हातात आलेले असतात. अख्खा मे महिना पोरं घरात आदळआपट करतात, तेव्हा फार तर एखादा धड सिनेमा असतो. मला तर जास्त नाही, कमीच पडतात.

आणि मराठीत डब होऊन थेटरात लागलेला शेवटचा हॉलिवूडचा अ‍ॅनिमेशनपट कुठला, सांगा बरं. हिंदी मिळतं, तमिळ-तेलुगू मिळतं. मुंबईत बसून आमच्या आजीबाईंना शेजारून कुजबुजत गोष्ट सांगावी लागते आणि पुढच्या रांगेतले वळून बघतात.

जुनी_रिळं
ताई, डबिंगच्या मुद्द्याला +१. मूळ मराठीत २०१८ चा 'प्रभो शिवाजी राजा' आठवतो. पुढे नाव सुचत नाही.

गिरगावकर, तुमच्या त्या ९ च्या यादीत 'द प्रिन्स ऑफ लाइट' नावाचा एक चित्रपट होता. तो म्हणजे जपानचे युगो साको आणि आपले अ‍ॅनिमेटर राम मोहन यांच्या इंडो-जपानी रामायणाचीच इंग्रजी आवृत्ती. राम मोहन आपल्या पेडर रोडच्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनचे. तिथे १९५६ मध्ये कार्टून विभाग निघाला, डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले, आणि त्या पहिल्या फळीतले हे. एवढं करून ते रामायण आपल्याकडे थेटरांत रीतसर, देशभर लागलं जानेवारी २०२५ मध्ये! तेव्हा जास्त चित्रपट निघण्याची मला भीती वाटत नाही, निघालेले पोहोचत नाहीत याची वाटते.

मात्र एका बाबतीत तुमच्या बाजूने. २००५ मध्ये 'हनुमान' चालला आणि पाठोपाठ देवांच्या बाललीलांची रांग लागली. घाईत केलेल्या हालचाली, प्लास्टिकचे चेहरे. लोकांनी पाठ फिरवली ती 'अ‍ॅनिमेशन म्हणजे असलंच' असं ठरवून. २०१२ चा 'अर्जुन: द वॉरियर प्रिन्स' देखणा होता, त्यालाही प्रेक्षक मिळाला नाही. आता 'महावतार नरसिंह'ने तीनशे कोटींच्या वर गल्ला जमवलाय. पुन्हा तेच होणार, लिहून ठेवा.

कट्टेकरी
सगळे काका-काकू पोरांसाठीच का बोलतायत? सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या सिनेमाचे पहाटे पाचचे शो लागले होते मुंबईत. पहिली लोकल पकडून गेलेलो आम्ही, सगळे कॉलेजवाले. आम्हाला अजून हवेत. तुम्हाला नको तर नका जाऊ.

गिरगावकर
पहाटे पाचला उठलात हीच मोठी गोष्ट. पण बाळा, त्याच त्याच मालिकेचा पुढचा भाग बघायला गेलात ना? माझी तक्रार तीच आहे. २००६ मध्येही असाच ढीग आला होता, निम्म्याहून जास्त बोलणारे प्राणी. 'कार्स', 'हॅपी फीट', 'आइस एज २' तरले, 'द अँट बुली' बिचारा चिरडला गेला. गर्दीत नवी गोष्ट आधी मरते.

रेंडरमामा
नवी गोष्ट गर्दीत मरते की पोस्टरवर ओळखीचा चेहरा नाही म्हणून मरते? २० जून २०२५ ला 'एलिओ' थेटरात आला, नवीन गोष्ट, पिक्सारच्या इतिहासातली सगळ्यात कमकुवत सुरुवात. त्याच दिवशी नेटफ्लिक्सवर 'केपॉप डीमन हंटर्स' आला, तीही नवीन गोष्ट. सोनीने बनवून विकून टाकलेली, आणि पुढे नेटफ्लिक्सचा सर्वाधिक पाहिलेला चित्रपट ठरली. लोकांना नवीन हवंय, फक्त चौघांचं तिकीट काढून जुगार खेळायचा नाहीये. तुम्हीच वर टॅक्सीचा हिशेब मांडलात.

मुलुंडची_आई
बरोबर. आमच्याकडे 'एलिओ' सुट्टीत घरी बघू म्हणून राहिला.

गिरगावकर
मग मामा, थेटरासाठी कमीच काढा आणि बाकीचे सरळ घरी द्या, हे तुम्हीच म्हणताय की!

रेंडरमामा
नाही म्हणत. थेटरात गेलेल्याचं बजेट मोठं असतं, घरी गेलेल्याचं कापलेलं. कापलं की आधी आमचे दिवस कापतात.

जुनी_रिळं
मे महिन्यात, मराठीत, मॅटिनीला दीडशे रुपयांत लावा. मग मोजू जास्त होतात की कमी.

कट्टेकरी
दीडशेत तर मी बोलणारे प्राणीपण बघेन.