तक्रारीच्या आधीची एक सोय
खासगी छायाचित्रे पसरवण्याची धमकी आली, तर थेट पोलिसांत जावे, असा सल्ला दिला जातो. तो रास्त असला, तरी आपलाच मित्र अशी धमकी देतो, हे १६ वर्षांच्या मुलीला आईजवळही बोलवत नाही. पोलीस चौकी दूरच राहिली. अमेरिकेतील नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉयटेड चिल्ड्रन या संस्थेने २०२३ मध्ये सुरू केलेली ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा भारतातूनही, नाव न सांगता वापरता येते. मूळ छायाचित्र फोनबाहेर जात नाही. त्यावरून तयार झालेला सांकेतिक ठसा तेवढा पाठवला जातो आणि इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारखी सहभागी माध्यमे त्याच्याशी जुळणारी चित्रे शोधून काढून टाकू शकतात. व्हॉट्सॲपवरील कूटबद्ध, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणालाच वाचता न येणाऱ्या संदेशांपुढे मात्र ही सोय हतबल ठरते, आणि वर्गातल्या मुलांचे गट तर नेमके तिथेच असतात.