माणशी दोनच कॅन, 650 ला एक, आणि वर आम्हालाच जीभ नाही

कॅम्पातला जुना

परवा इथं एका चिरंजीवांनी फोटो टाकला. बिअरचे चार रंगीबेरंगी कॅन, मागे गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाची झाडी आणि खाली मजकूर: "लिमिटेड रिलीज. माणशी दोनच. मावसभावाला रांगेत उभं केलं म्हणून चार मिळाले. 650 ला एक. बेळगावकरांची जीभ किंगफिशर स्ट्राँगच्या पुढं जात नाही, त्यांना काय कळणार."

दोन दिवस गप्प बसलो. बायकोही म्हणाली, सोडा हो. सुटेना.

650 रुपयांत बाजाराची पिशवी किती भरते ते सांगत बसत नाही. पैसे तुझे, पोट तुझं. माझा राग त्या 'दोनच'वर आहे. दोनच का? बार्ली संपली? पाणी आटलं? टाकी तीच, कामगार तेच, पुढच्या महिन्यात नाव आणि चित्र बदलून दुसरी येणार, तीही माणशी दोनच. आम्ही रॉकेलच्या रांगेत डबा पाठीमागं लपवून उभे राहायचो. तुम्ही रांगेचा फोटो काढून टाकता.

थोरली बेल्जियमला असते. 2017 ला गेलो तेव्हा जावयानं वेस्टव्लेटेरेनला नेलं. सेंट सिक्स्टसचा मठ, तिथले साधूच बिअर करतात. मठाचा खर्च भागेल एवढीच करतात, जगभरातून मागणी असून वाढवत नाहीत. तेव्हा क्रेट पाहिजे तर आधी फोन लावायचा, गाडीचा नंबर द्यायचा, आणि पुढं विकायची नाही ही अट. बाटलीला लेबल नव्हतं. बारा नंबरच्या बिअरला पिवळं बूच, झालं. समोर त्यांच्याच कॅफेत एक घेतली. काळी, दाट, काकवी जराशी करपवल्यासारखी. वर्षभरानं हॉलंडातल्या एका सुपरमार्केटनं तीच बाटली मधल्यामध्ये दहा युरोच्या आसपास विकली, तर साधू भडकले. याला मी मर्यादित म्हणतो. तुझ्या कॅनला नाही.

हेझी पोरगा

फोटो माझाच. अंकल, लिहिलंय झकास, पण माहिती नसताना लिहिलंय. हेझी आयपीए म्हणजे गढूळ दिसणारी, वासाची बिअर; लोणचं नव्हे, बरणीत घातलं आणि वर्षभर पुरवलं. आंबवण होत आली की त्यात पुन्हा हॉप्स, म्हणजे बिअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं, घालतात, तोच त्या वासाचा जीव. सिट्रा, मोझेइक हे हॉप्स अमेरिकेतनं येतात. आपल्याकडं हिमाचलात लाहौलला थोडे होतात, पण या जाती नव्हेत. किंगफिशरसारख्या साध्या लागरला लागतात त्याच्या कितीतरी पट हॉप्स एका टाकीत जातात. आणि तो वास काही आठवड्यांत उडतो. गरमी लागली, हवा लागली की बिअर पुठ्ठ्यासारखी लागते. म्हणून थोडी करतात आणि लगेच विकतात. साधूंनी कमी केली की व्रत, गोव्यातल्या पोरांनी कमी केली की धंदा?

कॅम्पातला जुना

अंकल कुणाला म्हणतोस? कॅम्पात राहतो म्हणून अंकल काय? काका म्हण, नाहीतर काहीच म्हणू नको.

टिळकवाडीचा हिशेबनीस

मूळ मुद्दा कराचा आहे, तो कुणी बोलत नाही. जुलै 2023 च्या बजेटमध्ये कर्नाटकानं बिअरवरचं जादा अबकारी शुल्क 175 टक्क्यांवरून 185 वर नेलं. एमएसआयएलमध्ये, म्हणजे सरकारी दारू दुकानात, साधी लागर घेताना हात आखडतो, तिथं छोट्या भट्टीतल्या क्राफ्ट बिअरचं काय घेऊन बसलाय? शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र, चोर्ला उतरला की गोवा. तीन राज्यांचे तीन दर आणि मधे आपण. दारूच्या दुकानात गेलं की सीमाप्रश्न बरोबर कळतो.

शहापूरची वहिनी

हिशेबनीस भावजी, हिशेबात चूक आहे. पोरानं कॅन गोव्यात घेतलेत. तिथं दारूवर कर कमी, म्हणून तर आपली निम्मी गल्ली वीकएंडला तिकडं असते. कर कमी असूनही 650 असेल तर 185 टक्क्यांचा इथं संबंध काय?

आता माझं ऐका. माझे सासरे हातमागावर बसायचे. शहापुरी साडी विणायला दिवसच्या दिवस जायचे, पाय सुजायचे. आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणायचं, "जरा कमी करा की." तीसुद्धा तशी एकच असायची, तसा काठ पुन्हा जमेल याची खात्री नाही. तिला कुणी लिमिटेड रिलीज म्हटलं नाही. माग भंगारात गेला. त्या कॅनवाल्याला कुणी "कमी करा की" म्हटलं काय? रांगेतल्या एकानं तरी?

हेझी पोरगा

वहिनी, साडी हा वेगळा विषय आहे.

शहापूरची वहिनी

आहेच. म्हणून काढला.

जांबोटीचा बोंडू

तुम्ही सगळे त्या कॅनच्या मागं लागलाय आणि खरी लिमिटेड रिलीज तुमच्या डोक्यावरनं चाललीय. हुर्राक! एप्रिल चालू आहे मर्दांनो. काजूचा बोंडू पिकून आपणहून खाली पडला पाहिजे, मग रस, मग तो आंबायचा, मग भट्टीवर पहिल्या धारेला हुर्राक आणि तीच पुन्हा उकळली की फेणी. मार्च ते मे, पाऊस आला की दुकान बंद. साठवून ठेवायची म्हटलं तर मजा जाते. कुणी रांग लावत नाही, कुणी चित्र काढत नाही. लिंबू, मीठ, एक चिरलेली मिरची, बस्स.

आणि आमचं दुःख ऐका. घाटाखाली पडलेल्या बोंडूचा पैसा होतो, घाटावर पडलेल्याचा चिखल. झाड तेच, वारा तोच. फेणीला 2009 ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं नाव राखून ठेवणारी सरकारी मोहर, मिळाला तो गोव्याला. आम्ही भट्टी लावली तर फेणी नव्हे, गावठी. आणि अबकारीवाले दारात. माझ्या बागेत यंदाही पोतीच्या पोती बोंडू कुजला. बी विकतो, फळ गुरांपुढं टाकतो. गुरंसुद्धा दोन दिवसांनी तोंड फिरवतात.

टिळकवाडीचा हिशेबनीस

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. परंपरा म्हणून छाती बडवण्याआधी तेवढं लक्षात असू दे.

जांबोटीचा बोंडू

मिरची पण त्यांनीच आणली. उद्यापासून तांबडा रस्सा सोडा मग.

कॅम्पातला जुना

बोंडूराव बरोबर बोलतात. माझंच म्हणणं त्यांनी नीट मांडलं. निसर्गानं हात आखडला तर मी रांगेत उभा राहीन.

हेझी पोरगा

हुर्राकचं कौतुक बास आता. मागच्या वर्षी पणजीत एका बारमध्ये मी हुर्राकचं कॉकटेल घेतलं, 420 रुपये. ग्लासात रोझमेरीची काडी खोचलेली. मेन्यूवर 'फक्त या मोसमात'. तुमच्या बोंडूलाही हाइप लागलीय काका. फक्त पैसा जांबोटीला येत नाही एवढंच.

जांबोटीचा बोंडू

420?

हेझी पोरगा

टॅक्स वेगळा.

जांबोटीचा बोंडू

आमच्यात गोव्यातनं हुर्राकची एक बाटली लपवून आणताना माझ्या चुलत्याला नाक्यावर धरलं होतं. बाटली गेली, वर दोन तास उन्हात बसवलं, "सिंडिकेट चालवतोस काय" म्हणून विचारलं. साठ वर्षांचा माणूस, डोक्यावर टोपी. आणि त्याच हुर्राकमध्ये हे लोक काडी खोचून 420 घेतात? रोझमेरी म्हणजे काय रे ते तरी सांग.

खडेबाजारचा खवय्या

नाक्यावरनं आठवलं. पोरानं स्वतःचे चार कॅन गोव्यातनं आणून त्याचा फोटो जाहीर टाकलाय, मागं घाटासकट. शाबास. अबकारीवाल्यांना आता कष्ट नाहीत.

बाकी हाइपचं म्हणाल तर 2010 ला स्कॉटलंडच्या ब्रूडॉगनं 55 टक्के अल्कोहोलची बिअर काढली. एकूण 12 बाटल्या. आणि बाटली पेंढा भरलेल्या खारी आणि तसल्याच लहान प्राण्यांच्या पोटात घालून, 500 पौंडांपासून पुढं किंमत. विकल्या गेल्या! त्यापुढं आमचा पोरगा म्हणजे संत माणूस. निदान कॅनला शेपूट नव्हती.

हेझी पोरगा

ते नाटकच होतं, मान्य. पण एका नाटकावरनं सगळ्यांना झोडपू नका. कॅलिफोर्नियात रशियन रिव्हर ब्रुअरीवाले 'प्लायनी द यंगर' नावाची बिअर 2005 पासून वर्षातनं एकदाच काढतात, लोक तासन्‌तास रांगेत असतात. तिथं माणसं बिअरसाठी जातात. आणि बिअरसाठी लांब जाणं हा वेडेपणा असेल, तर कुंद्यासाठी पुण्याहून फोन करणारे माझे सगळे नातेवाईक वेडे.

शहापूरची वहिनी

कुंदा रोज ताजा होतो. दुकानदार कधी म्हणत नाही, माणशी दोनच डबे. उलट म्हणतो, अजून अर्धा किलो बांधू काय.

कॅम्पातला जुना

पोरा, एक विचारतो, भांडण म्हणून नव्हे. तूच लिहिलंस, गरमी लागली की पुठ्ठ्यासारखी लागते. मग ते चार कॅन गोव्याहून कसे आणलेस?

हेझी पोरगा

डिकीत. बर्फाची पेटी होती.

खडेबाजारचा खवय्या

चोर्ल्याच्या त्या रस्त्यानं? एप्रिलमध्ये? वाटेत जेवायला थांबला असशील की.

हेझी पोरगा

अर्धा तास.

शहापूरची वहिनी

म्हणजे दीड तास.

टिळकवाडीचा हिशेबनीस

आणि कॅनच्या बुडाला तारीख असते. भरल्याची. ती बघितलीस काय? मी कर सोडून दुसरं बोलत नाही असं वाटू नये म्हणून विचारतोय.

हेझी पोरगा

थांबा.

हेझी पोरगा

बघितली. डिसेंबर.

खडेबाजारचा खवय्या

"काही आठवड्यांत वास उडतो. म्हणून थोडी करतात आणि लगेच विकतात." कुणी लिहिलं होतं बरं हे?

हेझी पोरगा

हसा. दुकानदारानं फ्रिजमधेच ठेवली असणार, थंडीत जास्त टिकते. आणि पहिला कॅन खरंच चांगला होता. म्हणजे मला चांगला वाटला. रांगेत दोन तास काढल्यावर वाईट वाटून चालत नाही, ते आलं लक्षात. दुकानदारावर डाफरणार आहे पुढच्या खेपेला. पण बिअरचा प्रकार वाईट नाही, एवढं माझं कायम आहे.

कॅम्पातला जुना

प्रकाराला मी कधी वाईट म्हटलं? किती उरलेत?

हेझी पोरगा

दोन.

कॅम्पातला जुना

टाकू नको. फ्रिजमध्ये ठेव. संध्याकाळी येतो. पुठ्ठा कसा लागतो ते मलाही बघू दे, त्या साधूंच्या नंतर काही धड मिळालेलं नाही. आणि चार माणसांत अंकल म्हणू नको.

जांबोटीचा बोंडू

ते तुमचं चालू दे. रविवारी मी वाळपईच्या बाजूला उतरतोय, तिथंच बसून घ्यायची, आणायचं काही नाही. गाडीत तीन जागा आहेत. आणि ती रोझमेरी काय ते अजून कुणी सांगितलं नाही.