मदत हवी आहे: वडिलांच्या लिनक्स फोनवर ओपनआरसी ठेवावी की सिस्टिमडीकडे जावे?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला पंचवटीत राहतो आणि वडील निफाडजवळच्या आमच्या द्राक्षबागेत असतात. त्यांच्यासाठी मी ३ जीबी रॅमच्या पाइनफोनवर पोस्टमार्केटओएस ही फोनसाठीची लिनक्स प्रणाली बसवली आहे. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली की त्यांना पहाटे ३ वाजता उठून मोटर सुरू करावी लागते; त्यामुळे फोन कितीही गाढ झोपेत असला तरी गजर वाजलाच पाहिजे, आणि दिवसा फोन लागला पाहिजे. त्यांच्या अपेक्षा एवढ्याच आहेत, पण त्यांत चूक परवडत नाही.

फोन सुरू होताना त्यातल्या सेवा (पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्रॅम) चालू करून सांभाळण्याचे काम सध्या ओपनआरसी करते; सिस्टिमडी हा त्याच कामाचा दुसरा पर्याय. ओपनआरसीची प्रत्येक सेवा म्हणजे उघडून वाचता येईल अशी छोटी शेल स्क्रिप्ट, आणि हे मला मनापासून आवडते. मॉडेमची (कॉल व नेटवर्क सांभाळणारी) सेवा बंद पडली तर ती पुन्हा उभी करण्याचे काम ओपनआरसीच्याच सुपरवाइज-डिमनने होते. अडचण गजराची आहे. फोन झोपण्यापूर्वी आरटीसीमध्ये (फोन झोपला तरी चालू राहणाऱ्या घड्याळात) पुढच्या गजराची वेळ लिहिणारी स्क्रिप्ट मी केली, परंतु गेल्या पंधरवड्यात ती दोनदा चाललीच नाही आणि पाण्याची पाळी चुकली. दोष माझ्या स्क्रिप्टचाच असावा.

सिस्टिमडीच्या टायमरमध्ये (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीत) ‘वेकसिस्टिम’ हा पर्याय असतो, जो झोपलेले यंत्र स्वतः जागे करतो, शिवाय रात्री नेमके काय घडले ते जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या नोंदवहीत, एकाच ठिकाणी सापडते. पोस्टमार्केटओएसने मार्च २०२४ मध्ये ग्नोम व प्लाझ्मा मोबाइल या पडद्यावरच्या मांडण्यांसाठी सिस्टिमडी आणण्याचे जाहीर केले, तेव्हा ओपनआरसीचा पर्यायही राहील असे सांगितले होते. डेबियनवर आधारलेल्या मोबियन या दुसऱ्या फोन-प्रणालीत तर सिस्टिमडीच आहे. फोन लवकर सुरू होतो की उशिरा, या वादात मला रस नाही, कारण आमचा फोन महिन्यातून एखाद्या वेळीच बंद होतो.

ज्यांनी ऑलविनर ए६४ वर (पाइनफोनच्या चिपवर) हा टायमर रोज वापरला आहे, त्यांनी कृपया सांगावे की तो गाढ झोपेतून खात्रीने उठवतो का. वापरकर्त्याच्या टायमरला यंत्र जागे करण्याचा अधिकार सहसा नसतो, म्हणून तो मी सिस्टिम पातळीवर लिहिणार आहे. मग गजराचा आवाज वडिलांच्या सत्रात (त्यांच्या लॉगिनमध्ये) कसा पोहोचवावा? आणि ओपनआरसीवरच राहून हे भरवशाने साधणारे कोणी असेल, तर त्यांची स्क्रिप्ट पाहायला मिळाली तर फार बरे होईल, कारण द्राक्षांच्या गोडी छाटणीपूर्वी मला हा फोन वडिलांच्या हाती परत द्यायचा आहे.